सिरोडिलचं जंगल गेलं कुठे? 'एल्डर स्क्रोल्स'मधली बदलती ठिकाणं आणि बदलता लोर

नकाशावेडा:

'द एल्डर स्क्रोल्स' ही व्हिडिओ गेमची मालिका १९९४च्या 'अरीना'पासून टॅम्रिएल या एकाच खंडावर घडते. साहजिकच प्रत्येक नवा गेम आधीच्या नकाशावर पाय ठेवून उभा राहतो. काही ठिकाणी नाव तेच राहतं आणि गाव बदलतं, काही ठिकाणी गाव तेच आणि त्याची गोष्ट, म्हणजेच लोर (त्या जगाचा रचलेला इतिहास), बदलते. हे कुठवर चालावं यावर बोलायचं आहे. माझी बाजू आधीच सांगतो. ठिकाण जरूर बदला, पण ते बदलल्याचं त्या जगातल्या माणसांना कळलं पाहिजे, कुणाला तरी त्याची झळ बसली पाहिजे. आधीचं पुसून वर नवं गिरवलं तर ती खाडाखोड झाली.

उदाहरण सिरोडिलचं, म्हणजे टॅम्रिएलवरच्या साम्राज्याच्या मुख्य प्रांताचं. १९९८ साली याच मालिकेतल्या 'रेडगार्ड'च्या खोक्यात साम्राज्याची माहिती देणारी एक छापील पुस्तिका मिळायची. त्यात सिरोडिल म्हणजे घनदाट जंगल. निबेन नदीकाठी भात पिकतो, तांदूळ आणि कापड बाहेर जातं. राजधानी तळ्यातल्या बेटांवर पसरलेली, बेटांना जोडणाऱ्या पुलांवर अख्ख्या वस्त्या, पाण्याखाली गेलेल्या खालच्या घरांमधून नावा फिरतात, रस्त्यांवर पतंग-किड्यांच्या थव्यात गुरफटलेले पुजारी चालतात. मग २००६ला 'ऑब्लिव्हियन' आला. त्यात एकच बेट, एकच लांब पूल, गोल तटबंदीच्या आत आखीवरेखीव पांढरं शहर आणि बाहेर थंड हवेतली मोकळी वनराई. देखणं आहे, मी त्यात मनसोक्त भटकलोय. पण पुस्तिकेतलं शहर मला कुठेच सापडलं नाही, आणि ते गेल्याचं दुःख झालेला एक माणूसही भेटला नाही.

नंतर ठिगळं लागली. 'ऑब्लिव्हियन'मध्येच मॅन्कर कॅमोरन या खलनायकाच्या लिखाणात एक ओळ आहे, की विशिष्ट ज्ञान ज्यांना होतं ते भूमीच बदलू शकतात आणि राजाच्या घरी एके काळी जंगल होतं. तो राजा म्हणजे टायबर सेप्टिम, म्हणजे पुढे देव झालेला तालोस. पुढे 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये एका विदुषीचं टिपण मिळतं. तिचा तर्क असा, की जंगल नव्हतंच, जुन्या मजकुराची नक्कल करताना कुणीतरी चुकलं असावं. एक म्हणतो देवाने बदललं, दुसरी म्हणते लेखनिकाने घोळ घातला. मला दोन्ही सारवासारव वाटतात.

मुक्कामपोस्ट:

साफ असहमत. तुमचा नियम लावला असता तर मालिकेतली सर्वांत चांगली गोष्ट जन्मालाच आली नसती.

'अरीना'मध्ये जादूच्या काठीचे आठ तुकडे आठ ठिकाणांहून गोळा करायचे असतात. शेवटचा तुकडा मॉरोविंड प्रांतातल्या ज्वालामुखीत आहे आणि त्या ठिकाणाचं नाव आहे डॅगॉथ-उर. बास, एवढंच. नाव, भुयार, लाव्हा आणि राक्षस. २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये तो पर्वत 'रेड माउंटन' झाला आणि डॅगॉथ उर झाला एक व्यक्ती. कधी काळी नेरेवार या प्राचीन वीराचा मित्र, पर्वताखालच्या एका देवाच्या हृदयाची राखण करता करता बिघडलेला, आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू मांडणारा. शेवटच्या भेटीत तो तुम्हाला प्रश्न विचारतो आणि उत्तर देताना आपण अडखळतो. आता 'या डोंगराला पूर्वी दुसरं नाव होतं' असं व्हार्डनफेलवर, म्हणजे 'मॉरोविंड' जिथे घडतो त्या बेटावर, कुणी म्हणतं का? नाही. खाडाखोडच आहे ही. आणि तिच्याशिवाय 'मॉरोविंड' उभा राहत नाही.

नकाशावेडा:

@मुक्कामपोस्ट, १९९४मध्ये पुसण्यासारखं होतं काय तिथे? एक नाव आणि एक भुयार. रिकाम्या जागी घर बांधलं तर कुणाचं घर पडत नाही. सिरोडिलमध्ये १९९८ सालीच लोक राहत होते, शेती करत होते, पूजा करत होते. माझी तक्रार भरलेलं घर रिकामं करण्याबद्दल आहे.

अवंती_व:

ज्या पुस्तिकेवर एवढी भिस्त आहे ती लिहिलीय कुणी, हेही बघायला हवं. ती साम्राज्याची अधिकृत प्रचारपुस्तिका आहे. तिच्या समासात एका एल्फच्या हस्ताक्षरातल्या टिपा आहेत, आणि तो जागोजागी मजकूर खोडून काढतो. म्हणजे छापतानाच वाचकाला सांगितलं होतं, की यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. या मालिकेत लोर म्हणजे कुणाचं तरी म्हणणं. गेममधल्या पुस्तकांना लेखक असतो, त्याला जात्याच स्वार्थ असतो, अज्ञान असतं. मला तर हेच या जगाचं बळ वाटतं.

तिसरा_चंद्र:

@अवंती_व, हा युक्तिवाद मी फार वेळा ऐकलाय आणि दर वेळी तो कमी पटतो. प्रचारक राजाचे पराक्रम फुगवेल, शत्रूला रानटी ठरवेल, हरलेली लढाई जिंकल्याचं लिहील. पण राजधानीभोवती भात पिकतो की गहू, यात खोटं बोलून त्याला काय मिळणार? वाचणारे तिथलेच. खिडकीबाहेर बघितलं की खोटं उघडं पडेल. निवेदक अविश्वसनीय आहे म्हणायचं असेल तर तो कशासाठी खोटं बोलतोय हेही दाखवावं लागतं. नाहीतर कुठल्याही विसंगतीवर हाच एक शिक्का मारून मोकळं होता येतं आणि मग लोर वाचण्यातच अर्थ उरत नाही.

अवंती_व:

हवामानाबद्दलचा मुद्दा रास्त. पण समासातल्या टिपा तुम्ही सोडून दिल्यात. ती भर निर्मात्यांनी विचारपूर्वक घातली होती.

सोल्स्थीमकर:

सिरोडिलवरच चर्चा अडकलीय म्हणून दुसरं एक ठिकाण सांगतो. माझ्या मते अख्ख्या मालिकेत ठिकाण बदलण्याचं काम इथे सर्वांत नीट झालंय.

२००३च्या 'ब्लडमून'मध्ये ('मॉरोविंड'ची पुरवणी) सोल्स्थीम बेटावर रेवन रॉक नावाची वसाहत आपण स्वतः उभी करतो. ईस्ट एम्पायर कंपनी या साम्राज्याच्या व्यापारी कंपनीला तिथे एबनी या मौल्यवान खनिजाची खाण मिळालेली असते. आधी रिकामा किनारा, मग दोनचार घरं, मग खाणकामगार, त्यांची भांडणं, कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांमधली चढाओढ. कुणाची बाजू घ्यायची तेही आपणच ठरवतो.

२०१२च्या 'ड्रॅगनबॉर्न'मध्ये ('स्कायरिम'ची पुरवणी) विंडहेल्म बंदरातून बोटीने तिथेच पुन्हा उतरतो. मधे दोनशे वर्षं गेलीत. रेड माउंटनचा स्फोट झालाय, बेटाचा दक्षिण भाग राखेखाली आहे. बेट आता डार्क एल्फांच्या ताब्यात, गावावर त्यांच्यातल्या हाउस रेडोरान या घराण्याचा अंमल. राख अडवायला मोठी भिंत घातलीय. फोर्ट फ्रॉस्टमॉथ, जिथे पूर्वी आपण बोटीतून उतरून हजेरी लावायचो, तो पडका आणि राखेने भरलेला. खाण बंद. एबनी संपली म्हणून बंद केली, असं सगळे सांगतात.

आणि त्या बंद खाणीत क्रेसियस नावाचा एक म्हातारा अजून कुदळ घेऊन शिरतो. बायको वैतागलीय. त्याचं म्हणणं एकच, की खाण संपलेली नाही, माझे पणजोबा ग्रेशियन इथे मेले आणि कंपनीने ते दडपलं. त्याच्या मागे खाली उतरलं की पणजोबांचा सांगाडा आणि रोजनिशी सापडते. म्हातारा खरं बोलत होता. खाण पुन्हा सुरू होते आणि गावात हालचाल दिसायला लागते.

नाव तेच, किनारा तोच. मधल्या काळात जे झालं ते एका माणसाच्या हट्टात साठलंय. धागाकर्ते 'झळ बसली पाहिजे' म्हणतात ते मला इथे दिसतं.

हायरूलवाटसरू:

एल्डर स्क्रोल्सवाले इतिहासाचा फार भार वाहतात असं मला वाटतं. हायरूल राज्यात घडणाऱ्या 'झेल्डा' या गेम-मालिकेकडे बघा. १९८७च्या दुसऱ्या गेममध्ये रौरू, रुटो, सारिया, नबूरू, दारूनिया अशी गावं होती. १९९८च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये हीच नावं माणसांना दिली, आणि कथेच्या कालक्रमात ही माणसं आधीची. गावांना यांचीच नावं पडली असणार, हे खेळणाऱ्यांनी आपलं आपण जोडून घेतलं. गेममध्ये कुणी खुलासा केला नाही आणि कुणाचं अडलंही नाही. २००२च्या 'विंड वेकर'मध्ये रिटो (पक्षीमानव) हे झोरांचे (जलमानव) वंशज आहेत, २०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये दोन्ही जमाती शेजारी नांदतात. २०११मध्ये तीन फाट्यांचा अधिकृत कालक्रम छापला गेला, तरी हायरूलची मजा त्यावर अवलंबून नाही. प्रत्येक गेम ही तीच दंतकथा नव्याने सांगणं आहे. दंतकथेत नदी इकडची तिकडे झाली तर हिशेब कोण मागतं?

नकाशावेडा:

झेल्डाने तारखा कधी दिल्याच नाहीत, म्हणून तिथे चालतं. इथे 'ऑब्लिव्हियन' तिसऱ्या युगाच्या ४३३व्या वर्षी आणि 'स्कायरिम' चौथ्या युगाच्या २०१व्या वर्षी घडतो. पंचांग तुम्हीच ठेवलंत, मग हिशेब मागितला जाणारच.

मुक्कामपोस्ट:

मग स्कायरिम प्रांतातलं विंटरहोल्ड घ्या. 'अरीना'त ते शहर आहे, २०११च्या 'स्कायरिम'मध्ये चार घरं, एक खानावळ आणि कड्यावर लटकलेलं जादूचं कॉलेज. कारणही दिलंय. चौथ्या युगाच्या १२२व्या वर्षी समुद्राने शहराचा मोठा भाग गिळला. तुमच्या नियमात हे ठिकाण चपखल बसतं. पण ते लक्षात राहतं ते कारण दिल्यामुळे नव्हे. गावकरी म्हणतात कॉलेजवाल्यांनीच केलं, कॉलेजवाले म्हणतात आमचा संबंध नाही, आणि गेम शेवटपर्यंत निकाल देत नाही. सिरोडिलच्या जंगलाचंही हेच चाललंय. एक देवाकडे बोट दाखवतो, एक लेखनिकाकडे. तिथे तुम्ही त्याला सारवासारव म्हणता आणि इथे गप्प बसता.

नकाशावेडा:

कारण विंटरहोल्डचा वाद तिथे राहणारी माणसं घालतात. यार्ल, म्हणजे तिथला सरदार, घालतो, खानावळीत बसलेले घालतात, ज्यांची घरं बुडाली त्यांची पोरं-नातवंडं घालतात. सिरोडिलचा वाद फक्त पुस्तकांत आहे. पान उलटलं नाही तर जंगल होतं हेसुद्धा कळत नाही. रस्त्यावर एक माणूस बोलत नाही.

मुक्कामपोस्ट:

बोलतो. 'स्कायरिम'मधल्या व्हाइटरन शहरात तालोसच्या पुतळ्यासमोर हेम्स्कर नावाचा पुजारी दिवसभर ओरडत असतो. बहुतेक जण त्याला टाळून पुढे जातात. थांबून ऐका. तो तालोसचे शब्द म्हणून जे सांगतो त्यात राजा सैनिकांना म्हणतो, की हे सिंहासन मिळवून देताना तुम्ही सोसलंत, तुम्हाला या जंगलाचा किती तिटकारा आहे ते मला दिसतंय, म्हणून मी ही भूमी बदलतो, तुमच्यावरच्या प्रेमापोटी.

लाखो लोकांनी खेळलेल्या गेममध्ये, भर चौकात, मोठ्या आवाजात. याहून उघड कसं सांगायचं?

तिसरा_चंद्र:

हे भाषण मी कितीदा ऐकलं असेल, पण ते सिरोडिलच्या जंगलाबद्दल आहे हे आत्ता जोडलं गेलं. सैनिकांसाठी ऋतू बदलणारा देव! यावर एक अख्खा गेम व्हायला हवा होता.

नकाशावेडा:

भाषण जबरदस्त आहे, वादच नाही. तरी माझं समाधान होत नाही. हेम्स्कर नॉर्ड, म्हणजे स्कायरिमच्या लोकांपैकी आहे, दुसऱ्या प्रांतात आहे, आणि त्याला जंगल आठवतं ते तालोसची थोरवी गाण्यापुरतं. सैनिकांना जंगल नको होतं हे कळलं. निबेनकाठी ज्यांचा भात होता, त्यांना कुणी विचारलं का? त्यांच्यापैकी एकाच्या नातवाने एक वाक्य बोलावं, सिरोडिलमध्येच, नदीकाठी उभं राहून. माझी मागणी तेवढीच आहे.