उंदरांच्या स्किन ट्यूमरमध्ये डोसचं गणित काय?

मृणाल_बायो: सेमिनारला डीएमबीए-टीपीए मॉडेल आलंय, म्हणजे उंदराच्या त्वचेवर आधी डीएमबीए हे जीनमध्ये बदल घडवणारं रसायन आणि मग टीपीए हे गाठी वाढायला लावणारं रसायन. डीएमबीए पाठीवर एकदाच लावतात, मग त्याचा डोस दुप्पट केला तर गाठीही दुप्पट का? आणि टीपीए आठवड्यातून दोनदा कशाला?

पाटीलबुवा: डीएमबीएचा डोस वाढवला की पॅपिलोमा (त्वचेवरच्या साध्या गाठी) वाढतात पण एका हद्दीपर्यंतच, पुढे आकडा सपाट होतो. छोटा डोस देऊन टीपीए लावलंच नाही तर गाठी जवळपास येतच नाहीत, पण एच-रास या पेशीवाढीच्या जीनमधला कोडॉन ६१ चा (एका ठरावीक जागचा) बदल पेशीत तसाच बसून असतो, काही महिन्यांनी टीपीए सुरू केलं तरी गाठी येतात बघ.

कोकणी_केमिस्ट: टीपीएचं उलट आहे, त्यात गॅप महत्त्वाचा. तेवढाच एकूण डोस पण लांब लांब अंतराने दिला तर त्वचा मधल्या काळात सावरते आणि गाठी फारच कमी येतात. आधी टीपीए मग डीएमबीए, तरी काही होत नाही. बाय द वे टीपीए जमालगोट्याच्या तेलातलंच, १९४७ च्या बेरेनब्लम-शुबिकच्या प्रयोगात ते तेलच वापरलेलं.

मृणाल_बायो: भारी! म्हणजे ग्राफ दोन काढावे लागणार.

पाटीलबुवा: हो, आणि उंदराची जात लिही. सेनकारला जो डोस भरपूर होतो, त्याला सी५७ब्लॅक६ दादच देत नाही.