इस्तंबूल ते गोरेमे: रात्रीची बस आईला झेपेल का?

भटकी लेक
ऑक्टोबरात आईला घेऊन तुर्कस्तानला निघाले आहे. ती ६४ वर्षांची, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी. विमान नको, बसनेच जाऊ हा तिचाच हट्ट. जन्मभर एसटीने फिरली, खिडकीतून मुलूख बघायचाय म्हणते. इस्तंबूल ते गोरेमे (कापादोकिया भागातलं गाव) रात्रीची बस तिला झेपेल का? वाटेत स्वच्छतागृहाचं काय? कुणी आईवडिलांना नेलं असेल तर सविस्तर सांगा.

कऱ्हाडकर
ताई, मी माझ्या आईला याच मार्गाने नेलं होतं. अकरा-बारा तास लागतात. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा रुंद खुर्च्या असतात. त्या मागे झुकतात, पण आडवं होता येत नाही. आईच्या पायाखाली आम्ही सॅक ठेवली, त्याने गुडघ्यांना बराच आराम पडला.

बसमध्ये स्वच्छतागृह बहुधा नसतं. दोन-तीन तासांनी मोठ्या थांब्यावर गाडी उभी राहते. तिथल्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, म्हणून सुटे लिरा आईच्याच हातात देऊन ठेवा. दारावर 'बायान' किंवा 'कादिन' लिहिलेलं बायकांचं. आणि उतरताना बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढाच. रात्री दोन वाजता एकसारख्या वीस गाड्या ओळीने उभ्या असतात. आमची सापडेना तेव्हा आईचा हात थरथरत होता, ते अजून आठवतं.

गाडीतल्या मदतनिसाला मुआविन म्हणतात. तो चहा देतो, आणि लिंबाच्या वासाचं कोलोन्या हातावर ओततो. आईने तीर्थासारखी ओंजळ केली, मी घाईने म्हटलं, "प्यायचं नाही, हाताला चोळायचं." पुढच्या वेळी तिनेच शेजारच्या आजींकडे बघून चोळलं आणि दोघी हसल्या.

खाण्याचं म्हणाल तर थांब्यावर मसुराच्या डाळीचं सूप मिळतं, मर्जिमेक चोर्बासी. पण त्यात कधी मटणाचं पाणी असतं, विचारून घ्या. चीज किंवा बटाट्याची गोझलेमे म्हणजे आपल्या पराठ्याची बहीण, ती खाता येईल. आई दशम्या नेणार असेल तर नेऊ द्या.

एकच सावधगिरी. तिकिटावर गोरेमे असूनही आम्हाला पहाटे अलीकडच्या नेवशेहिर शहरातच उतरवलं आणि एक जण टॅक्सीत बसवू लागला. पुढची छोटी गाडी, तिला 'सर्विस' म्हणतात, तिकिटातच धरलेली होती. तिकीट दाखवून 'गोरेमे' म्हणत जागचं हलू नका.

मिरजेची
माझं मत थोडं वेगळं आहे. काकूंना मुलूख बघायचाय ना, मग रात्री काचेबाहेर काय दिसणार? इस्तंबूलहून अंकाराला वेगवान रेल्वेने जा, साडेचार तासांच्या आसपास. तिथे एक मुक्काम करा आणि सकाळच्या बसने नेवशेहिर गाठा, चारेक तास. हा रस्ता तुझ गोलू या खाऱ्या सरोवराजवळून जातो. आटलेल्या मिठाचा पांढरा पट्टा दिसायला लागला की आम्ही सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटलो होतो.

भटकी लेक
दोघांचंही आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, जाताना मिठाचं तळं, येताना रात्रीची गाडी, ते कोलोन्या मला चुकवायचं नाही. कऱ्हाडकर दादा, परतीचं तिकीट थेट ओटोगारवर, म्हणजे तिथल्या बसस्थानकावर, काढलं होतं की आधी ऑनलाइन?