गोरेगावच्या आरेतलं जंगल राखायचं की भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, जीव जपायचे?

गोरेगावकर:
माझं मत सरळ आहे. जीव जिथे आहे तिथेच वाचवा, बाकी सगळं नंतर. 'लायकस आरेयेन्सिस' हा विंचू जगाला आरेतूनच माहीत झाला, नावही आरेवरूनच मिळालं. त्याला पिंजऱ्यात जपायला कोण पुढे येणार आहे? ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं पाडली. उत्तर काय मिळालं, तर दुसरीकडे रोपं लावू! रोप लावता येतं हो. पण जुन्या बुंध्याच्या ढोलीतलं घुबड, सालीआडच्या पाली, कुजत्या पानांखालचे बेडूक कसे लावणार? राणीबागेत हम्बोल्ट पेंग्विनसाठी काचेमागे थंडी तयार केली. तिथे पिल्लं झाली याचा आनंदच आहे, पण त्याने त्यांच्या मूळच्या पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर एक तरी पक्षी वाढला का?

भायखळ्याची:
पेंग्विनची बाजू मी घेणार नाही. पण राणीबाग म्हणजे पेंग्विन नव्हे, ती मुळात १८६२ साली उघडलेली वनस्पतींची बाग आहे. तिथलं उर्वशीचं झाड फुललेलं बघा. लांब देठांवरून खाली लोंबणारी तांबडी फुलं, पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं आणि तिथल्या जंगलात आता फारच क्वचित सापडतं. कुणीतरी अधिवासाबाहेर लावलं म्हणून आपल्याला दिसतं तरी.

गोरेगावकर:
दिसतं, पण बागेत उर्वशीला बी क्वचितच धरतं. दाब कलमं करून किती काळ रेटणार?

डोंबिवलीकर:
दोघांनाही गिधाडांची आठवण करून देतो. मलबार हिलच्या दोखम्यावरची (पारशी जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात तिथली) गिधाडं गेली तेव्हा तिथली झाडी कुणी तोडली नव्हती. गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं जायचं, मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पंधराएक वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कुठलं अभयारण्य त्यांना वाचवणार होतं? गिधाड कुंपण बघून उडत नाही. तेव्हा आपल्या मुंबईच्याच बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) हरियाणा वनखात्याबरोबर पिंजोरला प्रजनन केंद्र चालवलं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणून तिथे पहिलं अंडं काढून उबवणी यंत्रात ठेवतात, मग काही जोड्या दुसरं घालतात. तिथली गिधाडं २०२४मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली. गोरेगावकर, तुमच्या नियमाने गेलो असतो तर आणायला पक्षीच उरला नसता.

गोरेगावकर:
हा मुद्दा वजनदार आहे. पण पिंजोरची पिल्लं इतकी वर्षं आत का ठेवावी लागली तेही सांगा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतलं औषध गुरांना टोचलं जातच होतं. २०१५मध्ये बाटली ३ मिलीवर आणली. गिधाडांना तशाच घातक अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. बाहेर विष असेल तर आतल्या अंड्यांचं करायचं काय?

अकोल्याची (तालुका अकोले, हल्ली मुक्काम ठाणे):
तुम्ही सगळे प्राण्यांवरच अडकलात. आमच्याकडच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी वाल, भात, भाज्यांची बियाणी जपली ती शेतात पेरून. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेतही बियाणं असतं आणि ते असायलाच हवं. पण शीतगृहातलं बी वीस वर्षांनी जसंच्या तसं बाहेर येतं, तोवर पाऊस बदललेला असतो. शेतातलं बी दर हंगामात त्या पावसाशी जुळत जातं.

भायखळ्याची:
@अकोल्याची, शंभर टक्के. म्हणूनच मी कारवीच्या झुडपाबद्दल बोलणार होते. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. फुलोऱ्याआधीच उतार खणला तर त्या पिढीचं बी मिळणारच नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरचे कारवीचे उतार आज ना उद्या कुठल्यातरी प्रकल्पात जाणार. पुढच्या बहरात तिथलं बी गोळा करून ठेवायला काय हरकत आहे?

गोरेगावकर:
अजिबात नाही, मी स्वतः येईन गोळा करायला. फक्त उद्या तोच उतार खणायची परवानगी मागताना कुणी त्या बियांच्या पिशव्या पुढे केल्या, तर विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी असेल.