लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी कशी निवडलीत? तुमचे अनुभव हवे आहेत

कोथरूड, पुणे

नमस्कार. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहाजण कर्नाटकात जातोय. पुणे, कोल्हापूर, बदामी, हंपी, श्रवणबेळगोळ, म्हैसूर आणि परत, एकूण नऊ दिवस. सोबत आई (वय ७२, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), बाबा आणि आमची दोन मुलं. घरच्या गाडीत पाचच जण मावतात, त्यामुळे भाड्याची गाडी बघतेय.

मागच्या वर्षी गोकर्णला जाताना माझी चूक झाली, ती आधी सांगते. माणसं सहा, म्हणून सात सीटची गाडी ठरवली. बसायला सगळ्यांना जागा झाली, पण मागची सीट उघडल्यावर डिकीत जेमतेम एक बॅग उभी राहिली. उरलेलं सामान टपावर चढवलं. तवंदी घाटात अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्रीचा एक कोपरा सुटला. आईच्या औषधांची पिशवी नेमकी त्याच बाजूला होती. संकेश्वरला थांबून एकेक पाकीट टॉवेलने पुसताना आईचा चेहरा मी पाहिला. ती एक शब्दही बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं.

या वेळी ते होऊ द्यायचं नाही. कुठली गाडी, ड्रायव्हरसकट की स्वतः चालवायची, भाडं ठरवताना काय विचारायचं, ते तुमच्या स्वतःच्या प्रवासावरून सांगा. परदेशातले अनुभवही चालतील.

नाशिक

आम्ही दोन वर्षांपूर्वी जवळपास हाच मार्ग केला. ड्रायव्हरसकट गाडी घेणार असाल तर आधी हिशोब समजून घ्या. बाहेरगावच्या भाड्याला रोजचे किमान किलोमीटर धरतात, आमच्याकडे ३०० धरले होते. नऊ दिवसांचे झाले २७००. आमची गाडी चालली २१५० च्या आसपास, पैसे २७०० चे दिले. यात फसवणूक नाही, पद्धतच तशी आहे, पण आम्हाला ती परत आल्यावर कळली.

हंपीत आम्ही दोन दिवस होतो. गाडी दिवसभर झाडाखाली उभी असायची. विठ्ठल मंदिराजवळ तर खासगी गाड्या नेताच येत नाहीत, अलीकडेच ठेवून बॅटरीच्या गाडीने जावं लागतं. त्या दोन दिवसांचेही ६०० किलोमीटर भरले. आता परत गेलो तर रेल्वेने होस्पेटला उतरेन आणि तिथून पुढे गाडी करेन.

किलोमीटर कुठून कुठे मोजणार तेही विचारा. बहुतेक ठिकाणी गॅरेज ते गॅरेज मोजतात. गाडी हडपसरहून निघून तुमच्याकडे येणार असेल, तर तेही तुमच्याच खात्यात. टोल, पार्किंग, परराज्याचं परमिट, ड्रायव्हरचा भत्ता, सगळं एका कागदावर लिहून घ्या. आणि श्रवणबेळगोळला पायऱ्या सहाशेच्या वर आहेत, आईंसाठी डोली मिळते, ती आधीच ठरवा.

ठाणे

मी स्वतः गाडी चालवणारा, त्यामुळे भाड्याचीही चालवायलाच घेतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडीची पाटी बघा. ड्रायव्हरशिवाय भाड्याने द्यायच्या परवान्याची पाटी काळी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी घरगुती वापराची, ती भाड्याने देणं बेकायदा आहे.

गोव्यात मला हे माहीत असूनही मी चुकलो. सगळीकडच्या गाड्या संपल्या होत्या. एकाने पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात दिली आणि 'कोणी विचारलंच तर मित्राची आहे म्हणा' असं वर सांगितलं. तिसऱ्या दिवशी पणजीजवळ पोलिसांनी थांबवलं. मालकाचं नाव विचारलं आणि ते मला नीट सांगता आलं नाही. दुपार तिथेच गेली, दंड भरला. बायको आणि चार वर्षांची मुलगी उन्हात उभ्या होत्या. खरी भीती मला रात्री वाटली. त्या गाडीला अपघात झाला असता तर भाड्यासाठी वापरली म्हणून विमा कंपनीने हात वर केले असते, आणि समोरच्या माणसाची भरपाई मी कुठून दिली असती?

तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना मी तिच्याभोवती फिरून सलग व्हिडिओ काढतो. चारही दारं, बंपरची खालची कड, चाकांच्या रिंगा, काच, मग आत बसून किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. देणारा माणूसही त्यात बोलताना ऐकू आला पाहिजे. फास्टॅगवर शिल्लक किती आणि ती कोण भरणार, तेही त्याच वेळी वदवून घेतो.

नागपूर

आम्ही ड्रायव्हरसकट सीएनजीची सात सीटर घेऊन समृद्धीने मुंबईला गेलो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सीएनजीच्या टाकीने डिकीतली जागा खाल्ली होती, मागे बॅग ठेवायला वावच नव्हता. दुसरं म्हणजे वेग. रस्ता ७०१ किलोमीटरचा, मर्यादा १२० ची, पण पिवळ्या पाटीच्या गाडीला ८० चं कुलूप लावलेलं होतं, वेग त्यापुढे जातच नव्हता. आम्ही आठ तासांच्या हिशोबाने निघालो आणि पोचायला रात्र झाली. ड्रायव्हर बिचारा काय करणार.

कोल्हापूर

ताई, मी बावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. आधी इनोव्हा होती, आता क्रिस्टा आहे. वरचे भाऊ बोलले ते बरोबर आहे. ८० चं कुलूप असतं आणि ते असलेलंच बरं. घरातनं निघताना मोबाईल सांगतोय तो टाइम धरू नका. चहा, जेवण, मुलांचं थांबणं धरून ताशी पन्नास पडतात, असं धरून चला.

गिऱ्हाईक फोन करतं आणि विचारतं, मॉडेल कुठल्या सालचं? मी म्हणतो, सालापेक्षा टायर बघा. टायरच्या बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात. '३२२२' असेल तर २०२२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी नवी दिसली तरी टायर जुने असू शकतात. नक्षीत एक रुपयाचं नाणं उभं घालून बघा, किती बुडतंय ते. स्टेपनी खाली काढून दाखवायला सांगा. स्टेपनीत हवा नाही, जॅक आहे पण पान्हा नाही, अशा गाड्या रोज रस्त्याला लागतात. दाखवायला कुरकुर केली तर ती गाडी घेऊ नका.

दुसरं, ड्रायव्हर कुठं झोपणार ते विचारा. लोक चांगली असतात, जेवायला बोलावतात, पण झोपायचं कुणी विचारत नाही. मी कितीतरी रात्री सीट मागं पाडून काढल्यात. डास चावतात, काच लावली तर घुसमटतंय, आणि सकाळी सहाला परत स्टेअरिंग. त्या झोपेवर तुमची सगळी माणसं बसलेली असतात. हॉटेल बुक करताना ड्रायव्हरला झोपायची खोली आहे का, एवढं विचाराच. आणि रात्री दहाच्या पुढं गाडी पळवायला लावू नका. कर्नाटकात उसाच्या ट्रॉल्या बिनलाइटच्या असतात.

तुमच्या आईंसाठी सांगतो. उंच गाडीत बसायला गुडघेदुखीच्या माणसाला त्रास होतो, आणि अगदी बुटक्या गाडीतनं उठायला होतो. मी डिकीत एक लाकडी पाट ठेवलाय, बेताच्या उंचीचा. दार उघडलं की आधी पाट खाली ठेवायचा. म्हातारी माणसं त्यावर पाय ठेवतात, वरची मूठ धरतात आणि सावकाश आत जातात. एक आजी पंढरपूरला उतरल्यावर मला म्हणाल्या होत्या, 'पोरा, गाडीपेक्षा हा पाट बरा.' मधल्या ओळीत दोन वेगवेगळ्या सीट असलेली गाडी घ्या. मधनं वाट असते, मुलं मागं जातात, आईंना पुढं सरकायला लागत नाही.

पिंपरी

हिमाचलचा अनुभव थोडक्यात. चौघा मित्रांनी चंदीगडला उतरून छोटी हॅचबॅक घेतली. स्वस्त होती आणि किन्नौरमार्गे काझापर्यंत काही अडलंही नाही. कुंझुम खिंड ओलांडून बातलच्या पुढे मात्र रस्ता म्हणजे नुसते दगड आणि त्यावरून वाहणारं बर्फाचं पाणी. एका दगडावर गाडीचं पोट घासलं. आवाज ऐकून खाली वाकून पाहिलं तर तेल ठिबकत होतं. आजूबाजूला मोबाईलची रेंज नाही. मागून आलेल्या ट्रकवाल्याने साबणाची वडी चिरेवर घासून गळती थोपवली आणि तसंच आम्ही हळूहळू मनालीच्या बाजूला उतरलो.

करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की गाडीच्या खालच्या भागाचं नुकसान विम्यात नाही. अनामत रक्कम सगळी गेली, वर आणखी भरावे लागले. रस्ता वाईट असेल तिथे जमिनीपासून उंच असलेली गाडीच घ्या, नाहीतर तेवढ्या टप्प्यासाठी तिथलीच गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर. लडाखला जाणाऱ्यांसाठीही सांगतो, बाहेरून भाड्याने नेलेल्या गाड्या तिथे फिरवायला अडवतात, लेहमध्ये पोचून स्थानिक गाडीच करा.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

सांगलीहून आई-बाबा आले होते तेव्हा लास वेगासहून झायन, ब्राइस, पेज आणि ग्रँड कॅन्यन असा आठ दिवसांचा फेरा केला. धागाकर्तीचाच प्रश्न आमचाही होता, सहा माणसं आणि दुखरे गुडघे.

इथे सगळ्यांनी मोठी एसयूव्ही घे म्हणून सांगितलं. एकाने तर मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, सुचवलं. झायनचा १९३० सालचा १.१ मैलांचा बोगदा मोठ्या वाहनांना अरुंद पडतो, म्हणून ते सोडलं. मग मी आईला घेऊनच काउंटरवर गेले. एसयूव्हीत चढताना तिला साडी वर धरावी लागली आणि ती अवघडली. शेजारी मिनीव्हॅन उभी होती. तिचं दार बाजूला सरकलं, तळ खाली होता, आई नेहमीच्या चालीने आत जाऊन बसली. मी तिथेच ठरवलं. मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या ओळीच्या मागे खोल खड्डा असतो, त्यामुळे सातही जागा उघड्या ठेवून बॅगा उभ्या राहतात. तुमच्या ताडपत्रीची गोष्ट वाचताना मला हेच आठवत होतं.

इथे बुकिंगमध्ये 'अमुक गाडी किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं. तुम्हाला मिळतो तो वर्ग, गाडी नव्हे. म्हणून सकाळी लवकर गेले, निवडायला चार गाड्या होत्या. गाडी एका गावी घेऊन दुसरीकडे सोडायची असेल तर वेगळे पैसे पडतात, ते भाड्याइतकेही होऊ शकतात. आम्ही वेगासलाच परत आलो ते त्यामुळेच.

ॲमस्टरडॅम

आइसलंडला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे एफ अक्षराचे डोंगरी रस्ते फक्त फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाडीलाच खुले असतात आणि तेही उन्हाळ्यातच. आम्ही त्यासाठी जादा पैसे भरले आणि शेवटी सुमारे १,३२० किलोमीटरचा, देशाला वळसा घालणारा रिंगरोडच केला. तो उन्हाळ्यात साध्या गाडीनेही होतो. तिथे वारा इतका असतो की दार हातातून सुटून उलटं फिरतं, आणि ते नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. दोन्ही हातांनी दार धरूनच उतरायचं.

कोथरूड, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं जिव्हाळ्याने लिहाल असं वाटलं नव्हतं.

सॅन होजेच्या ताईंचं वाचून काल संध्याकाळी आईला घेऊन दोन ठिकाणी गेले. पहिल्या गाडीत ती चढली, पण दाराची चौकट धरून थोडा वेळ थांबली. दुसरी क्रिस्टा होती, मधल्या ओळीत दोन सुट्या सीट. घरून स्वयंपाकघरातला पाट नेला होता, तो खाली ठेवला. आई बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "इथे औषधांची पिशवी माझ्या पायाशी राहील."

मालकाने स्टेपनी न कुरकुरता उतरवून दाखवली. टायरवर गेल्या वर्षीचा आकडा होता. रोजचे ३०० किलोमीटर, भत्ता, परमिट, सगळं लिहून घेतलं. हंपीतली एक रात्र कमी केली. सामान माणशी एक मऊ बॅग, टपावर काही नाही.

दोन्ही मुक्कामांच्या हॉटेलांना ड्रायव्हरच्या खोलीचं विचारलं. हंपीचे हो म्हणाले, बदामीचे नाही म्हणाले. बदामीत ड्रायव्हरला झोपायची नीट सोय असलेलं हॉटेल कोणाला माहीत असेल तर सांगा, तेवढं एक बुकिंग राहिलंय.