सहकुटुंब बघा म्हणे! पोलिसी थ्रिलर घरात लावायचा की नाही?

लोअर परळकर: काल कुणीतरी लिहिलं, ‘पोलीस खात्यातला भ्रष्टाचार उघडा पाडणारा नवा थ्रिलर सहकुटुंब बघा, मुलांना सिस्टीम कळेल.’ वाचून डोकं फिरलं. यूए १६+ चा शिक्का बसलाय त्यावर. कोठडीत उलटं टांगून पट्ट्याने झोडपण्याचा प्रसंग किती लांबवलाय! पट्टा दिसायच्या आधी त्याचा आवाजच अंगावर येतो. दहा वर्षांच्या पोराचे डोळे झाकाल, कान कसे झाकणार? आणि थिएटरवाला अडवेल या भ्रमात राहू नका. ‘ए’ असेल तरच अठराखालच्यांना बंदी. यूए ही पालकांना दिलेली सूचना, बाकी सगळं तुमच्यावर.

ठाणे पूर्व: पालकांनी ठरवायचं ना, मग ठरवू द्या की त्यांना. हप्ते, एन्काउंटर, कोठडीतले मृत्यू रोज बातम्यांत असतात. नववी-दहावीतल्या मुलांनी ते एकट्याने मोबाइलवर बघण्यापेक्षा आईबापांसोबत बघितलेलं काय वाईट?

चाळवाली: वन रूम किचनमध्ये नववीतला बघतो तेव्हा दुसरीतली पण बघते. तिला कुठे पाठवायचं, गॅलरीत? २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना यूए १३+ पासून वर पॅरेंटल लॉकची सोय द्यायला लावली. ते लॉक लावायचं मात्र घरच्यांनी. लोक मुलांचं वेगळं प्रोफाइल करतात आणि स्वतःचं उघडं ठेवतात. रिमोटचं एक बटण दाबलं की पोरगं बाबांच्या प्रोफाइलमध्ये. पिन मोठ्यांच्या प्रोफाइलला लावा, तोही जन्मसाल नको. आपोआप सुरू होणारे ट्रेलर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, मारहाणीचे तुकडे तिथूनच दिसतात.

पंचनामा: सिस्टीम कळेल म्हणताय तर सिस्टीम तरी नीट दाखवा! लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा अख्खा चुकलाय. हिरो धाड घालतो, ड्रॉवरमधून नोटा काढतो, खेळ खलास. खरं तर आधी लाचेच्या मागणीची पडताळणी होते, पंचासमोर, व्हॉइस रेकॉर्डर लावून. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर.

ठाणे पूर्व: अहो, सिनेमा आहे तो, प्रशिक्षण शिबिर नाही. हिंसेवर बोलत होतो आपण.

पंचनामा: हिंसेवरच येतोय, दम धरा. तक्रारदाराला बजावलेलं असतं: मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हस्तांदोलन करायचं नाही. केलं तर पावडर आधीच समोरच्याच्या हाताला लागते आणि बचावाचा वकील तेच धरून बसतो. तक्रारदाराचा इशारा मिळाला की लाच घेणाऱ्याच्या दोन्ही हातांची बोटं वेगवेगळ्या ग्लासांत, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. हाताला पावडर लागली असेल तर पाणी गुलाबी होतं. ते बाटल्यांत भरून सील, पंचांच्या सह्या. एवढं करूनही नुसत्या नोटा सापडणं पुरत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे पुन्हा सांगितलं, तक्रारदार फिरला तर परिस्थितीजन्य पुराव्यावरही मागणी सिद्ध करता येते हेही. या सगळ्यात कुणाला थोबाडीत मारावी लागते का?

लोअर परळकर: माझा राग नेमका यावरच आहे. तो हिरो झोडपून कबुली घेतो आणि केस उलगडते. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५, आता त्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमाचं २३. फार तर त्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. मुलं शिकणार काय? प्रामाणिक पोलीस मारतो तेव्हाच खरं बाहेर येतं.

ठाणे पूर्व: मग हे घरात बोला ना! अटकेत पोलिसांनी काय पाळायचं ते सांगणारा सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल १९९६ चा. अटकेचा मेमो, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. सिनेमा बघून झाल्यावर यातलं काय पाळलं नाही हे मुलांना विचारलं तर नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त डोक्यात राहील.

चाळवाली: किती घरांत सिनेमा संपल्यावर कुणी बोलतं? टीव्ही बंद, अंथरुणं घातली.

ठाणे पूर्व: बरं बाई, दहा वर्षांच्यांना नको, हे धरा मान्य. दुसरीतलीला तर नकोच. पण सोळाव्या वर्षी पोरगं कॉलेजात जातं, त्याला ‘सहकुटुंब’ या शब्दाखाली लहान पोरांच्या रांगेत बसवू नका.

लोअर परळकर: सोळाला माझी हरकत कधीच नव्हती, शिक्क्यावर तेच लिहिलंय. ज्याने ‘सहकुटुंब’ लिहिलं त्याने पोस्ट दुरुस्त करावी.

पंचनामा: आणि कुणी लाच मागितलीच तर लाचलुचपत विभागाच्या १०६४ ला फोन करा. पैसे बळजबरीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवा, नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही अडकतो. सिनेमात तेवढंही नाही.