क्षयाचा जिवाणू भक्षक पेशीच्या पोटात जिवंत कसा राहतो?

प्रश्न — विज्ञान_शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात पेशीअंगके शिकवताना, पेशीत शिरलेल्या जिवाणूंचा नाश लयकारिका (लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशव्या) करतात, हे वाक्य मी नेहमीप्रमाणे सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, तिच्या आजोबांना क्षय झाला होता तेव्हा त्यांच्या फुफ्फुसातल्या लयकारिका काय करत होत्या. या जिवाणूचे कवच जाड असते, एवढेच उत्तर मला देता आले आणि ते तिला पटले नाही. मलाही पटले नाही. भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, या जिवाणूला गिळते हे मला माहीत आहे. मग गिळल्यानंतर नेमके काय बिनसते? आणि जिच्या कामातच जिवाणू मारणे आहे, त्या पेशीत शिरणे हा जिवाणू टाळत कसा नाही?

उत्तर — पेशी_अभ्यासक

मॅडम, आपले उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. मायकोलिक आम्लांच्या लांब मेदसाखळ्यांमुळे या जिवाणूचे कवच मेणचट होते आणि पुष्कळ रसायनांना ते सहज भेदता येत नाही, हे खरे आहे. परंतु सगळे काही कवचावरच अवलंबून असते, तर पेशीच्या आत जिवंत आणि मृत जिवाणूंची गत सारखीच व्हायला हवी होती. ती तशी होत नाही, हे आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये दाखवले. त्यांनी उंदराच्या भक्षक पेशींमधील लयकारिकांवर फेरिटिन या लोहयुक्त प्रथिनाची आधीच खूण करून ठेवली, मग त्या पेशींना क्षयाचे जिवाणू गिळू दिले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मृत जिवाणू असलेल्या पिशव्यांमध्ये फेरिटिन उतरलेले होते, म्हणजे लयकारिका त्यांना येऊन मिळाल्या होत्या. जिवंत जिवाणूंच्या बहुतेक पिशव्यांमध्ये ते नव्हते. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण जिवाणू तिथे नुसता तग धरून बसलेला नाही, तर पेशीच्या कामात हात घालतो आहे, हे त्यातून दिसते.

हा हात कसा घातला जातो, हे पुढच्या काळात उलगडत गेले. गिळलेला जिवाणू पटलाच्या एका पिशवीत असतो. एरवी ही पिशवी टप्प्याटप्प्याने आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी लयकारिकेशी एकरूप होते. लयकारिकेचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ५ च्या खाली असतो. पिशवी कोणत्या टप्प्यावर आहे, याची ओळख तिच्या पटलावरील प्रथिने आणि मेद पटवतात. क्षयाच्या जिवाणूच्या पिशवीवर सुरुवातीच्या टप्प्याचे रॅब-५ हे प्रथिन टिकून राहते आणि पुढच्या टप्प्याचे रॅब-७ नीट बसत नाही. जिवाणूचे सॅप-एम हे विकर (एन्झाइम), पुढच्या प्रवासासाठी लागणारा खुणेचा मेद पटलावरून काढून टाकते, तर पीटीपी-ए हे दुसरे विकर आम्ल आत ओढणाऱ्या पंपाला पिशवीपर्यंत पोहोचू देत नाही. परिणामी सामू साधारण ६.२ ते ६.४ वर अडतो. मात्र पिशवीचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत नाही: पेशीत येणाऱ्या लोहाच्या वाटेशी ती जोडलेली राहते, आणि लोहावाचून जिवाणूची वाढ होत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. श्वासावाटे वायुकोशात पोहोचल्यावर जिवाणूची पहिली गाठ तिथल्या भक्षक पेशीशी पडते. तिच्यापासून पळण्याऐवजी तिच्याच पटलावरील ग्राहक प्रथिनांना चिकटून तो आत जातो, कारण त्याला राहण्याजोगे घर तेच आहे.

उत्तर — सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

वरील उत्तर मला मान्य आहे, परंतु त्यात दोन गोष्टी जोडल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. त्याच दोघा संशोधकांनी १९७५ मध्ये जिवंत जिवाणूंना प्रतिपिंडांचा लेप देऊन पेशींना गिळायला दिले. तेव्हा लयकारिका पिशव्यांना जाऊन मिळाल्या, पण जिवाणू तरीही तगले. त्यामुळे मॅडमनी वर्गात कवचाचा उल्लेख केला, तो सोडून देऊ नये.

दुसरी गोष्ट पिशवीची. जिवाणू कायम पिशवीतच राहतो, असे दीर्घकाळ मानले जाई. २००७ मध्ये, संसर्गानंतर काही दिवसांनी तो पेशीद्रवातही सापडतो, असे दिसून आले. पटलाला इजा करण्याचे हे काम ईएसएक्स-१ या, जिवाणूची प्रथिने बाहेर सोडणाऱ्या स्रावयंत्रणेवर अवलंबून असते. कॅलमेट आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयजिवाणूचे वर्षानुवर्षे, २३० वेळा, पुनःपुन्हा संवर्धन करून बीसीजी लस तयार केली आणि ती १९२१ मध्ये प्रथम माणसाला दिली गेली. त्या संवर्धनात जनुकांचा जो तुकडा गळून गेला, त्यात याच यंत्रणेचा भाग होता. बीसीजीचा जिवाणू सौम्य का, याचे मोठे कारण अनेक दशकांनी असे हाती लागले.

उत्तर — छातीविकार_चिकित्सक

मी रुग्णांच्या बाजूने लिहितो. भक्षक पेशी हतबल असते, असा समज विद्यार्थ्यांचा होऊ देऊ नये. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा हा संदेश मिळाला की तीच भक्षक पेशी अडलेली पिशवी पुढे ढकलू शकते. जन्मतः या संदेशाचे ग्राहक प्रथिन सदोष असलेल्या बालकांना बीसीजीच्या सौम्य जिवाणूपासूनही गंभीर आजार होतो, यावरून त्या संदेशाचे महत्त्व कळावे. संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर क्षयरोग होत नाही, तोही याच जागत्या यंत्रणेमुळे.

ग्रॅन्युलोमा, म्हणजे जिवाणूंभोवती जमलेल्या भक्षक व इतर पेशींची गाठ, ही शरीराने बांधलेली तटबंदी, असे आम्हाला शिकवले गेले. ही गाठ टिकवून धरणारा टीएनएफ हा संदेश रोखणारी औषधे संधिवातासाठी आल्यावर काही रुग्णांत सुप्त क्षय उसळला आणि ही तटबंदी किती मोलाची आहे हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. मात्र संशोधक ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश या माशाच्या पारदर्शक पिल्लांत, क्षयजिवाणूच्या एका जवळच्या भाईबंदाला घेऊन पाहिले, तेव्हा सुरुवातीच्या गाठीत नव्या भक्षक पेशी येतात, मरणाऱ्या पेशींना गिळतात आणि त्यांच्यासोबत जिवाणूही पसरतात, असे दिसले. तटबंदी आणि वसतिस्थान ही दोन्ही वर्णने एकाच गाठीला लागू पडतात, असे माझे मत झाले आहे.

प्रश्न — विज्ञान_शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. जिवाणू पेशीच्या आत दडलेला असेल, तर औषध त्याच्यापर्यंत पोहोचते कसे?

उत्तर — छातीविकार_चिकित्सक

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे पेशीच्या आत शिरतात. त्यांतील पायराझिनामाइड विशेष सांगण्यासारखे आहे. जिवाणूचे स्वतःचे विकर त्याचे पायराझिनोइक आम्लात रूपांतर करते आणि ते आम्ल जिवाणूला घातक ठरते. पण हे नीट घडण्यासाठी भोवताल आम्लधर्मी असावा लागतो. ज्या आम्लतेला जिवाणू आपल्या पिशवीत येऊ देत नाही, तीच सक्रिय झालेल्या भक्षक पेशींत आणि दाह झालेल्या ऊतीत या औषधाच्या मदतीला येते. रिफाम्पिसिनच्या जोडीला हे औषध आल्याने नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला.

उत्तर — पेशी_अभ्यासक

मॅडम, वर्गासाठी एक सुचवतो. फळ्यावर शेजारी शेजारी दोन भक्षक पेशी काढा, एकीत मृत जिवाणू आणि दुसरीत जिवंत, आणि लयकारिकांवर रंगीत खडूचे ठिपके द्या. ते ठिपके कोणत्या पिशवीत उतरतील, हे त्या मुलीलाच विचारा.