लग्नाचे व्हिडिओ ठेवायला पीसीतच ४ डिस्कची रेड: शहाणपण की हौस?

खानापूरवाला
लग्नाचं शूटिंग करतो. एका लग्नाचे आता सहज अडीचशे-तीनशे जीबी होतात. कपाटात ९ सुट्या यूएसबी डिस्क पडल्यात आणि कुठल्या डिस्कवर कुठल्या पाटलांचं लग्न आहे ते फक्त बायकोला ठाऊक. माझं मत असं की हा सुट्या डिस्कांचा बाजार आपण सगळ्यांनीच बंद करावा. मी ४ टीबीच्या ४ डिस्क घेतल्या, कॅबिनेटमध्ये बसवल्या आणि रेड ५ केली, म्हणजे चारही जोडून पीसीला एकच मोठी डिस्क दिसते. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं परत काढून देणाऱ्या हिशोबाला जाते, १२ टीबी हाताला लागते (विंडोज १०.९ दाखवतं, तो नुसता मोजण्यातला फरक). एक डिस्क मेली तरी काम चालू. बेळगावच्या एका दुकानदारानं ‘आगूदिल्ल री, सर्व्हर घ्या’ म्हणून हात वर केले होते. मी रविवारी दुपारी जेवण करून बसलो आणि चहाच्या आत उरकलं. ज्याला स्क्रू फिरवता येतो त्यानं हेच करावं. बोला.

उद्यमबाग_पाना
स्क्रू फिरवता येतो एवढ्यावर नको ओ. आधी सांगा, चारही डिस्कना पॉवर कुठून दिलीत? एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, डिस्कला लागणाऱ्या सॅटा वायरी पुरल्या नाहीत म्हणून जुन्या पद्धतीच्या चारपिनी मोलेक्स वायरीवरून सॅटा करणारा स्वस्त अडाप्टर लावला असेल तर आज रात्री पीसी बंद ठेवा. त्यातले साच्यात ओतलेले, प्लॅस्टिकमध्ये वायरी गच्च बसवलेले अडाप्टर आतल्या आत शॉर्ट होतात. एक जळका मी टेबलावर जपून ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. शिवाय चालू होताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते. चारांचे शंभरेक वॅट, तेही एकदम. जुना दमलेला एसएमपीएस तिथंच मान टाकतो.

दुसरं, डिस्क एकावर एक खेटून बसवल्यात का? मध्ये एक खण रिकामा सोडायचा आणि पुढचा पंखा त्यांच्यावरच यायला हवा. मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्कना बाजूचं मधलं भोकच नसतं, त्यामुळे जुन्या कॅबिनेटच्या पट्ट्या जुळत नाहीत. मग लोक एकाच स्क्रूवर भागवतात आणि रात्रभर पत्रा गुणगुणतो. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा स्क्रू लागतो, एसएसडीला बारीक आट्यांचा. उलटा लावून आटे खाल्लेल्या डिस्क दर महिन्याला येतात माझ्याकडे.

घटप्रभाकाठ
आट्यांचं राहू द्या. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा माझ्याही पीसीत रेड होती. रेड १, म्हणजे दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच. दोन्ही तंतोतंत एकाच वेळी बुडाल्या. तुमच्या कपाटातल्या ९ डिस्क दिसायला गबाळ्या असतील, पण त्यातल्या ४ पाहुण्यांच्या घरी ठेवल्या तर त्या वाचतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

खानापूरवाला
काका, पूर काय दरवर्षी येतोय? माझा स्टुडिओ माडीवर आहे.

घटप्रभाकाठ
माडीवर वीज पडत नाही? चोर जिना चढत नाही? ते सोड. तू स्वतःच रात्री २ वाजता झोपेत चुकीचं फोल्डर पुसलंस तर रेड ते तेवढ्याच इमानानं पुसणार.

निपाणी_एनएच४
मी खानापूरच्या बाजूनं. बॅकअप नव्हे हे वाक्य आता पोपटालाही पाठ आहे. मुद्दा काम न थांबण्याचा आहे. तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम. त्यात बुधवारी डिस्क गेली आणि शुक्रवारी नवरीकडचे अल्बम मागायला आले तर ‘कोल्हापूरहून डिस्क आणतो, थांबा’ म्हणू? आणि सर्व्हर घ्या म्हणणाऱ्याला सांगा, १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड मांडली तेव्हा त्यातला ‘आय’ इनएक्स्पेन्सिव्हचा होता, म्हणजे स्वस्त डिस्क. इंडिपेंडंट हा अर्थ मागाहून चिकटला.

पण भावा, रेड ५ मला पटत नाही. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्यास ना? त्या म्हाताऱ्याही बरोबरच होणार. एक गेली की नवी भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी धरलं तरी ४ टीबीला साडेसात तास, आणि तेवढ्यात लाईट गेली की बस देवाचं नाव घेत. त्यातून डिस्क एसएमआर जातीच्या, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या निघाल्या तर दिवसच्या दिवस जातात. घेताना सीएमआर, म्हणजे पट्टे सुटे ठेवणाऱ्या, बघून घेतल्यास का? मी रेड १० केली, म्हणजे डिस्कच्या जोड्या, जोडीतल्या दोन्हींवर तेच. १६ टीबीतले ८ च मिळतात, पण नवी भरताना फक्त तिच्या जोडीदाराची वाचायची.

शहापूरच्या_बाई
मी निवृत्त शिक्षिका. जुनी कागदपत्रं आणि फोटो स्कॅन करते, सगळं मिळून ४०० जीबी. दोन डिस्क आहेत, एक माझ्याकडे, एक लेकीकडे कोल्हापूरला. दर सणाला अदलाबदल होते, बरोबर कुंद्याचा डबा. तुमच्या या चर्चेतलं मला निम्मंही लागू नाही, पण ‘सगळ्यांनीच’ असं जे वर लिहिलंय ते खोडा.

उद्यमबाग_पाना
बाई जिंकल्या. खानापूर, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. आणि डिस्कवर सिरियल नंबर लिहिलेत का? एक गेली की सॉफ्टवेअर नंबर सांगतं, वरून दुसरी असं नाही सांगत. घाईत चांगली डिस्क उपसलीत तर रेड ५ तिथंच आडवी.

खानापूरवाला
‘सगळ्यांनीच’ मागे घेतो, बाई.

पाना, कॅबिनेट उघडलं. अडाप्टर तसलाच निघाला, ओतीव. काढून टाकला. आता एसएमपीएसच्या स्वतःच्या वायरीवर तीनच डिस्क बसतात, चौथी टेबलावर पडलीय. रेड ‘डिग्रेडेड’ म्हणून लाल दाखवतेय, पण व्हिडिओ उघडतायत, आता इथूनच एक लावून बघितला. म्हणजे माझं म्हणणं खोटं नव्हतं!

घटप्रभाकाठ
उघडतायत तोवर त्या ९ डिस्कवर परत कॉपी मार. बायकोला विचारून.

खानापूरवाला
विचारलं. त्यातल्या ३ तिनं भावाला दिल्यात, पिक्चर भरायला.